सर्जनलाच गोळीसारखं गिळायचं! ही भन्नाट कल्पना जगापुढे मांडणाऱ्या फाइनमनची गोष्ट

व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ अधूनमधून फिरत असतो. रक्तवाहिनीतून एक इवलासा रोबोट चाललाय, त्याला चिमटे आहेत, दिवे आहेत, आणि तो थेट कॅन्सरच्या गाठीला जाऊन भिडतो. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं की हे उपचार आता सगळीकडे सुरू झालेत. दुसऱ्या ग्रुपवर याच्या बरोबर उलटा मेसेज येतो. लशीतून तुमच्या अंगात असे रोबोट सोडलेत आणि मोबाइलच्या टॉवरवरून ते चालवले जातात.

दोन्ही खोटं आहे. पण या दोन्ही अफवांच्या मुळाशी एक खरी कल्पना आहे, आणि ती आजची नाही. २९ डिसेंबर १९५९ ला अमेरिकेतल्या एका शास्त्रज्ञानं भर सभेत ती मांडली होती. हा तोच माणूस, ज्याची पहिली बायको क्षयरोगानं गेली आणि ज्याचा स्वतःचा जीव पोटातल्या कॅन्सरनं घेतला.

त्याचं नाव रिचर्ड फाइनमन. त्याची गोष्ट समजली की शरीरात फिरणाऱ्या रोबोटबद्दल खरं काय आणि फेकाफेकी काय, हे आपोआप कळतं.

नाव माहीत असणं म्हणजे कळणं नव्हे

रिचर्डचा जन्म ११ मे १९१८ चा, न्यूयॉर्कचा. घर ज्यू स्थलांतरितांचं. वडील मेलविल गणवेश विकायच्या धंद्यात होते. स्वतः शास्त्रज्ञ होता आलं नाही, पण पोराला विचार करायला त्यांनी शिकवलं. रानात फिरताना ते त्याला सांगायचे की एखाद्या पक्ष्याचं नाव दहा भाषांत पाठ केलंस तरी त्या पक्ष्याबद्दल तुला काहीच कळलेलं नसतं. तो काय करतो, ते बघ.

हा धडा पोरानं आयुष्यभर सोडला नाही.

अकरा-बारा वर्षांचा असताना त्यानं घरात छोटी प्रयोगशाळा थाटली होती. आजूबाजूचे लोक बिघडलेले रेडिओ त्याच्याकडे आणायचे. एका घरी तर हा पोरगा रेडिओला हात न लावता नुसताच येरझाऱ्या घालत बसला. रेडिओवाल्याला वाटलं, याला काही येत नाही. पण डोक्यात हिशोब जुळल्यावर त्यानं आतले दोन दिवे अदलाबदल केले आणि रेडिओ सुरू झाला. आधी विचार, मग पाना, अशी त्याची पद्धत.

पुढे कोलंबिया विद्यापीठानं त्याला प्रवेश नाकारला. त्या काळी ज्यू विद्यार्थ्यांसाठी तिथे जागा मर्यादित असायच्या. मग तो एमआयटीत शिकला आणि १९४२ मध्ये प्रिन्स्टनमधून त्यानं पीएचडी मिळवली.

आर्लीन

शाळेच्या दिवसांपासून त्याचं एका मुलीवर प्रेम होतं. आर्लीन ग्रीनबाम. चित्र काढायची, पियानो वाजवायची. लग्न करायचं पक्कं ठरलं होतं.

मग तिच्या मानेवर एक गाठ आली. ताप येऊ लागला. डॉक्टरांनी आधी टायफॉइड सांगितला. नंतर हॉजकिन्सचा संशय आला, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. रिचर्ड लायब्ररीत बसून वैद्यकीय पुस्तकं वाचायचा आणि डॉक्टरांना प्रश्न विचारायचा. शेवटी गाठीचा तुकडा काढून तपासल्यावर खरं निदान झालं. लसिका ग्रंथींचा क्षय.

त्या काळी टीबीवर औषधच नव्हतं. आराम, मोकळी हवा आणि वाट बघणं, एवढाच उपचार.

घरच्यांनी लग्नाला विरोध केला. सगळ्यांना संसर्गाची भीती होती. तरीही २९ जून १९४२ ला दोघांनी सरकारी कचेरीत लग्न केलं आणि तिथून रिचर्ड तिला थेट हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला. लग्नाच्या दिवशीही त्याला तिच्या गालावरच ओठ टेकवता आले.

पुढच्या वर्षी त्याला लॉस अलामोसला बोलावलं गेलं. तिथे अणुबॉम्बचं गुप्त काम चालू होतं. प्रकल्पाचे प्रमुख ओपनहायमर यांनी आर्लीनसाठी अल्बुकर्कीच्या एका सॅनेटोरियममध्ये सोय लावून दिली. दर शनिवार-रविवारी फाइनमन रस्त्यावर हात दाखवत, मिळेल त्या गाडीनं तिला भेटायला जायचा. आठवडाभर दोघं एकमेकांना कोड्यांच्या भाषेत पत्रं लिहायचे आणि पत्रं तपासणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांचं डोकं फिरवायचे.

१६ जून १९४५ ला तिचा शेवट जवळ आल्याचा निरोप आला. एका सहकाऱ्याची गाडी मागून तो निघाला. वाटेत टायर पंक्चर होत राहिले. तो पोहोचला आणि काही तासांत आर्लीन गेली. वय फक्त २५.

तिच्या उशाशी एक घड्याळ होतं. ते बरोबर तिच्या मृत्यूच्या वेळेला, ९ वाजून २१ मिनिटांनी थांबलं. दुसऱ्या कुणी याला दैवी संकेत म्हटलं असतं. फाइनमनला आठवलं की हे घड्याळ आधीपासूनच नाजूक होतं, त्यानं ते अनेकदा दुरुस्त केलं होतं. वेळ नोंदवायला नर्सनं ते उचललं असणार आणि तेव्हाच ते बंद पडलं असणार. एवढ्या दुःखातही तो काय झालं असेल, हेच बघत होता.

इथे एक तारीख लक्षात घ्या. टीबीवरचं पहिलं परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं होतं. आर्लीन गेली तेव्हा ते प्रयोगशाळेत होतं, मोजक्या पेशंटवर त्याच्या चाचण्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. तिच्या खाटेपर्यंत ते पोहोचलं नाही. शोध लागणं आणि तो पेशंटला मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. या गोष्टीत हे अंतर पुन्हा येणार आहे.

तळाशी भरपूर जागा

युद्धानंतर फाइनमन आधी कॉर्नेलला आणि १९५० नंतर कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये शिकवू लागला. प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्या नात्यावरच्या कामासाठी त्याला १९६५ चं नोबेल मिळालं, श्विंगर आणि तोमोनागा यांच्यासोबत. पण आपली गोष्ट त्याच्या सहा वर्षं आधीची आहे.

डिसेंबर १९५९. कॅलटेकमध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीची बैठक भरली होती. फाइनमन भाषणाला उभा राहिला. विषय होता, वस्तू किती लहान करता येतील? तळाशी भरपूर जागा आहे, अशा अर्थाचं शीर्षक त्यानं दिलं होतं.

त्यानं हिशोब मांडला. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे २४ खंड २५ हजार पटींनी लहान केले, तर टाचणीच्या डोक्यावर मावतील. निसर्गाचा कुठलाही नियम याच्या आड येत नाही. मग यंत्रं का लहान करू नयेत?

आणि इथेच त्यानं ती कल्पना सांगितली. एक इतका लहान यांत्रिक सर्जन बनवायचा की पेशंटनं तो गिळून टाकावा. तो रक्तवाहिनीतून हृदयात जाईल, झडप बिघडलीय का बघेल आणि छोट्याशा चाकूनं तिथेच दुरुस्ती करेल. काही यंत्रं शरीरात कायमची राहून एखाद्या थकलेल्या अवयवाला हातभारही लावतील.

फाइनमननं हे श्रेय स्वतःकडे घेतलं नाही. ही कल्पना आपला मित्र आणि जुना विद्यार्थी अल्बर्ट हिब्स याची आहे, हे त्यानं भाषणातच सांगून टाकलं.

एवढ्या लहान जगात नियम कसे बदलतात, हेही त्यानं सांगितलं. तिथे वजनाला किंमत उरत नाही, पण वस्तू एकमेकींना चिकटायला लागतात. म्हणजे मोठं यंत्र नुसतं झेरॉक्ससारखं लहान करून चालणार नाही. त्याची रचनाच नव्यानं करावी लागणार.

हजार डॉलर आणि एक टूथपिक

भाषणाच्या शेवटी फाइनमननं प्रत्येकी हजार डॉलरची दोन बक्षिसं लावली. पहिलं, इंचाच्या ६४ व्या भागाएवढ्या घनात मावणारी, चालती विजेची मोटर बनवणाऱ्याला. म्हणजे लांबी, रुंदी, उंची साधारण ०.४ मिलिमीटर. दुसरं, पुस्तकाचं एक पान २५ हजार पटींनी लहान लिहून दाखवणाऱ्याला.

त्याला वाटलं होतं, मोटर बनवायला कुणालातरी नवं तंत्रच शोधावं लागेल.

झालं उलटंच. नोव्हेंबर १९६० मध्ये विल्यम मॅक्लेलन नावाचा इंजिनिअर एक भलीमोठी पेटी घेऊन आला. त्याआधी बरेच जण आपापल्या मोटरी घेऊन येऊन गेले होते, सगळ्या मोठ्या. फाइनमनला वाटलं हा त्यांच्यातलाच. पण पेटीतून मायक्रोस्कोप बाहेर निघाला आणि साहेबांच्या लक्षात आलं की हा गडी काम करून आलाय.

मोटर १३ भागांची होती. वजन २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅममध्ये अशा चार हजार मोटरी. मिनिटाला सुमारे दोन हजार फेरे मारायची. आणि बनवली कशानं? मायक्रोस्कोप, घड्याळजीचं लेथ आणि टूथपिक! नवं तंत्र वगैरे काही नाही, नुसती हातची सफाई आणि चिकाटी.

फाइनमनची पंचाईत झाली. त्यानं बक्षिसासाठी पैसे बाजूला ठेवलेच नव्हते. शेवटी स्वतःच्या खिशातून हजार डॉलर दिले आणि मॅक्लेलनला कळवलं की आता बारीक अक्षरात लिहायच्या मागे लागू नकोस, माझं नुकतंच लग्न झालंय आणि घरही घेतलंय. ते दुसरं बक्षीस पुढे १९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या टॉम न्यूमन या विद्यार्थ्यानं जिंकलं. त्यानं डिकन्सच्या कादंबरीचं पहिलं पान इलेक्ट्रॉनच्या झोतानं एवढं बारीक लिहिलं की लिहिण्यापेक्षा ते शोधणं अवघड झालं.

मॅक्लेलनची मोटर कशी चालते, ते मात्र ध्यानात ठेवा. तारेच्या वेटोळ्यांतून वीज सोडली की चुंबकत्व तयार होतं आणि मधला भाग फिरतो. हीच युक्ती पुढे कामाला येणार आहे.

पण पोहायचं कसं?

फाइनमननं जागा दाखवली, पण दोन प्रश्न शिल्लक होते. हा इवला सर्जन पोहणार कसा? आणि त्याला शक्ती कुठून मिळणार?

पहिल्या प्रश्नावर १९७६ मध्ये एडवर्ड पर्सेल या दुसऱ्या नोबेलविजेत्यानं एक गाजलेलं भाषण दिलं. त्याचा मुद्दा साधा होता. आपण तलावात हातपाय मारतो, पाणी मागे ढकलतो आणि थोडं पुढे सरकत राहतो. पण बॅक्टेरियाएवढ्या जिवाला पाणी हे काकवीपेक्षाही घट्ट लागतं. त्यानं पोहणं थांबवलं की तो अणूच्या रुंदीएवढंसुद्धा न सरकता जागीच थांबतो.

अशा ठिकाणी शिंपल्यासारखं उघड-मीट करून काही होत नाही. उघडताना जेवढं पुढे जाल, मिटताना तेवढंच मागे याल. मग बॅक्टेरिया काय करतात? ई. कोलायसारख्या बॅक्टेरियांच्या मागे मळसूत्रासारख्या वळणदार शेपट्या असतात. त्या फिरवून ते पुढे जातात, जसा बुचात कॉर्कस्क्रू शिरतो.

गंमत बघा. याच पर्सेलला १९५२ चं नोबेल ज्या शोधासाठी मिळालं, त्यावरच आजचं एमआरआय मशीन उभं आहे.

शेवटची दहा वर्षं

१९७८ मध्ये फाइनमनच्या पोटात मोठी गाठ निघाली. दुर्मिळ प्रकारचा कॅन्सर होता. ऑपरेशन झालं, गाठीसोबत एक किडनीही गेली. १९८१ मध्ये पुन्हा पोट उघडावं लागलं. खूप रक्त लागलं आणि ते द्यायला कॅलटेक आणि तिथल्याच अंतराळ प्रयोगशाळेतले लोक धावून आले.

गिळता येणारा सर्जन तेव्हाही कागदावरच होता. ज्यानं तो जगाला दाखवला, त्याच्या वाट्याला मोठ्या चाकूचीच ऑपरेशनं आली.

तरी गडी थांबला नाही. १९८५ मध्ये त्याच्या आठवणींचं पुस्तक आलं आणि तो घराघरात पोहोचला. त्या पुस्तकात बायकांबद्दल तो जसं बोलतो, त्यावर आज टीका होते आणि ती रास्तच आहे. १९८६ मध्ये चॅलेंजर यानाच्या अपघाताच्या चौकशीत त्यानं रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि थंडीत तो कसा ताठर होतो, हे सगळ्यांसमोर दाखवलं. मोठमोठ्या अहवालांपेक्षा एक ग्लास पाणी भारी पडलं.

१५ फेब्रुवारी १९८८ ला लॉस एंजेलिसमध्ये तो गेला. उरलेली किडनीही बंद पडली होती. डायलिसिस घेऊन दिवस वाढवायला त्यानं नकार दिला. त्याच्या मागे कागदपत्रांत एक पत्र सापडलं. आर्लीन गेल्यावर सोळा महिन्यांनी त्यानं तिलाच लिहिलेलं. कुठे पाठवणार? त्यामुळे ते त्याच्याकडेच राहिलं होतं.

मग चुंबक आला

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फाइनमननंतरच्या पिढीनं दिलं. एवढ्याशा यंत्रात बॅटरी बसत नाही, इंजिन बसत नाही. मग इंजिन शरीराबाहेर ठेवा! मॅक्लेलनच्या मोटरमधली वेटोळी पेशंटच्या भोवती लावा आणि फिरणारा चुंबकीय भाग तेवढा आत सोडा. चुंबकीय क्षेत्र मांसातून आणि हाडांतून आरपार जातं. बाहेर क्षेत्र फिरलं की आतला मळसूत्री रोबोट फिरतो आणि पुढे सरकतो.

नुसता चुंबकानं ओढला तर? थोडा मोठा असेल तर चालतं. २००७ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलमध्ये सिल्वेन मार्टेल यांच्या टीमनं दीड मिलिमीटरची एक गोळी जिवंत डुकराच्या मानेतल्या धमनीत एमआरआय मशीनच्या चुंबकानं फिरवून दाखवली. पण वस्तू दहापट लहान केली तर चुंबकाची ओढ हजारपट कमी होते, पाण्याचा अडथळा मात्र दहापटच कमी होतो. म्हणून अगदी लहान रोबोटसाठी ओढण्यापेक्षा मळसूत्र फिरवणं सोयीचं पडतं.

२००९ मध्ये असे मळसूत्री रोबोट दोन ठिकाणी बनले. एक टीम स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिकमध्ये ब्रॅडली नेल्सन यांची, दुसरी अंबरीश घोष आणि पीअर फिशर यांची. त्यातले घोष पुढे बेंगळुरूच्या आयआयएस्सीमध्ये आले. तिथल्या टीमनं २०२२ मध्ये रूट कॅनलवर काम दाखवलं. दाताच्या आतल्या बारीक नळ्यांत बॅक्टेरिया दडून बसतात, तिथे औषध नीट पोहोचत नाही. काचेसारख्या सिलिकाचे, लोखंडाचा मुलामा दिलेले रोबोट चुंबकानं त्या नळ्यांत खोल नेले आणि गरम करून बॅक्टेरिया मारले.

मग आज खरं काय?

चुंबकानं चालणारी एक गोष्ट पेशंटपर्यंत नक्की पोहोचलीय. कॅमेरा असलेली कॅप्सूल. पेशंट ती गिळतो आणि बाहेरच्या चुंबकानं डॉक्टर ती पोटात फिरवून बघतात. अशा कॅप्सूलला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. ती औषधाच्या गोळीएवढी असते, फक्त बघते, कापत नाही.

रक्तातून औषध नेणारे सूक्ष्म रोबोट मात्र अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांत आहेत. प्रश्नही खरे आहेत. रक्ताच्या जोरदार प्रवाहात त्यांना धरून ठेवायचं कसं, आत ते नेमके कुठे आहेत हे बघायचं कसं, आणि काम झाल्यावर ते बाहेर काढायचे की विरघळवायचे?

आणि लशीतला रोबोट? चुंबकाची ताकद अंतरासोबत झपाट्यानं घटते. हे रोबोट चालवायला पेशंटच्या अगदी जवळ मोठी वेटोळी किंवा चुंबक लावावे लागतात. रस्त्यावरच्या टॉवरकडून हे होऊच शकत नाही. मोबाइलच्या लहरींचं काम वेगळं, फिरत्या चुंबकीय क्षेत्राचं काम वेगळं.

नॅनोबॉट हा शब्द आज प्रत्येकाला माहीत आहे. पण मेलविल फाइनमननं पोराला सांगितलं होतं तसं, नाव कळलं म्हणजे वस्तू कळली असं नसतं. पुढच्या वेळी असा मेसेज आला की तीन प्रश्न विचारा. हा पोहतो कसा? याला शक्ती कोण देतं? आणि हे माणसावर झालंय की उंदरावर?

स्ट्रेप्टोमायसिन आर्लीनपर्यंत पोहोचलं नाही, गिळता येणारा सर्जन फाइनमनपर्यंत पोहोचला नाही. आज कुठल्यातरी वॉर्डात कुणीतरी असंच वाट बघत बसलंय. हे आजच सुरू झालंय, असं खोटं त्याला फॉरवर्ड करणं ही त्याची थट्टा आहे. आणि हे सगळं थोतांड आहे म्हणून उडवून लावणं, ही जे लोक ते अंतर रोज थोडं थोडं कमी करतायत त्यांची.